अमावस्येचे सोळा आवाज

अमावस्येला आमच्या बिल्डिंगमध्येही गाड्यांना लिंबू-मिरची बांधतात. पण त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे जो प्रकार चालायचा, तो पाहायला शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची. खाली पार्किंगमध्ये मनोहरराव खुर्ची टाकून बसायचे. हातात खडूचा तुकडा. वर पाहून हाक द्यायचे, "एकशे एक." पहिल्या मजल्यावरून आवाज यायचा, पी-पी-पी. मनोहरराव खांबावर रेघ मारायचे. "एकशे दोन." पी-पी-पी. दुसरी रेघ. असे चार मजले, सोळा घरं, सोळा आवाज. सोळावी रेघ मारली की खडू खिशात टाकून ते खुर्चीची घडी करायचे आणि चेहऱ्यावर समाधान असं, की जणू सोळा मुलींचं कन्यादान एकट्याने उरकलं.

या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. त्याच्याशी जे झालं ते सोळाही घरांनी मिळून केलं. मी त्यातल्या तीनशे दोनमध्ये राहते. पकडली गेले ती मी, आणि बरंच झालं.

मनोहरराव मूळचे भिवापूरकडचे. घरी थोडी शेती, भाऊ पाच, म्हणून विशीत कन्हानजवळच्या कोळसा खाणीत लागले. पुढे परीक्षा देऊन सिरदार झाले. सिरदार म्हणजे पाळी सुरू होण्याआधी एकट्याने खाली उतरून हवा तपासणारा माणूस. दिवा घेऊन जायचं, छताला ठोकून पाहायचं, कोपऱ्यात वायू साचला आहे का ते बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर तिथल्या भिंतीवर खडूने तारीख घालून नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. मागून येणारे कामगार ती खडूची खूण पाहून आत शिरतात. खूण नसेल तर कोणी पाऊल टाकत नाही. तेहतीस वर्षं त्यांनी भिंतींवर 'म' काढला.

देवाजी नावाचा त्यांचा मित्र होता. एकदा मनोहरराव गावी गेले होते, तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या सिरदाराची पाळी लागली. त्या सिरदाराने अर्ध्या वाटेवर बसून नुसता वेळ काढला आणि पुढच्या तीन जागी हवा न तपासताच खडू मारला असं म्हणतात. खरं-खोटं खाणीलाच माहीत. देवाजी खूण पाहून आत गेला. आत हवाच नव्हती. मनोहरराव हे सगळं दोन वाक्यांत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "खडू पाहूनच गेला ना थो." बस. यापुढे ते विषय वाढवत नसत.

रिटायर झाल्यावर ते आणि रुखमाबाई मुलाकडे, धर्मेंद्रकडे, नागपुरात हुडकेश्वरला राहायला आले. एकशे एकमध्ये. धर्मेंद्र एका विमा कंपनीत आहे आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही. दिसायला, वागायला सज्जन. अजूनही सज्जनच म्हणते मी त्याला, अडचण तीच आहे.

आता आमच्या घराचं सांगते. आमचे हे नोकरीला चंद्रपूरला, शनिवारी येतात. मी सरकारी कार्यालयात कारकून. घरी सासूबाई, यमुताई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी आत्याबाई आतल्या खोलीत कूलर लावून, दार लोटून, कडी घालून झोपल्या होत्या. नागपुरात मे महिन्यात दुपारी सगळेच असे झोपतात. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं, पंप कोरडा फिरत राहिला आणि जळाला. खसच्या ताट्या वाळून कडक झाल्या होत्या, त्या धुमसायला लागल्या. ज्वाळा नाही, नुसता धूर. आणि कूलरचा पंखा इमानदारीत तो धूर ओढून आत्याबाईंच्या तोंडावर सोडत राहिला.

मी ऑफिसात. बिल्डिंगमध्ये माणसं होती, पण सगळ्यांची दारं बंद आणि सगळ्यांचे कूलर चालू. त्या घरघरीत कोणाला काय कळणार. मनोहरराव खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होते. त्यांनी मान वर केली आणि रुखमाबाईंना म्हणाले, "वायर जळून राहिली कोनाची तरी." वास आमच्या खिडकीकडून येतोय हे ताडून त्यांनी आधी खाली मीटरजवळ जाऊन आमचा मेन बंद केला, मग तीन जिने चढले, आणि सदुसष्टाव्या वर्षी खांदा देऊन बाहेरची आणि आतली, दोन्ही कड्या उखडल्या. आत्याबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर झोपेतून उठल्याच नसत्या.

म्हणजे माझ्या घरात आज सासू आहे ती या माणसामुळे. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, पुढे लागेल.

त्यानंतर मनोहररावांनी जे हाती घेतलं ते घेतलंच. सक्ती कोणाची नव्हती. एका रविवारी सगळ्यांना खाली बोलावलं आणि पुठ्ठ्यावर फ्लॅटचा नकाशा काढून समजावलं. प्रत्येक घरात स्मोक डिटेक्टर लागला पाहिजे. लोक म्हणाले, लावू की, कुठेही लावू. तिथे त्यांचा पारा चढला.

"कुठीबी नाही," ते म्हणाले. "धूर गरम राह्यते, थो सरळ वर जाते. छताले लागला का दुधावरच्या सायीवानी पसरते. म्हून यंत्र छताले पायजे, मधात. कोपऱ्यात नोको. भिंत अन् छत जुळते ना, तिथं हवा मेलेली राह्यते, धूर तिथं मागून पोचते. खाणीत बी तसंच, हवेचा मेलेला कोपरा लय दगाबाज."

"मग स्वयंपाकघरात लावायचा का, काका?" दोनशे तीनमधल्या मेघाने विचारलं.

"तिथं लावशीन तं रोज फोडणीले बोंबलन. गॅसपासून दहा फूट तरी लांब. बाथरूमच्या दारासमोर नोको, वाफेले धूर समजते थे. पंख्याच्या पात्यापासून तीन फूट. जिथं झोपता त्या खोलीत एक, अन् खोल्यांच्या बाहेर, बोळीत एक. दार लोटून झोपता ना तुमी? मग बाहेरचं एकटं काय कामाचं."

आणि मग कूलर. कूलरवर ते पंधरा मिनिटं बोलले. कूलरच्या झोताच्या रेषेत यंत्र लावलं तर झोत धुराला हुसकून लावतो आणि यंत्राला पत्ता लागत नाही. म्हणून आधी कूलर कोणत्या खिडकीत बसतो ते पाहायचं, मग यंत्राची जागा ठरवायची. हे बाहेरच्या कोणत्या पुस्तकात असेल की नाही मला माहीत नाही, पण नागपूरच्या घरात हेच पहिलं पाहायला हवं हे तेव्हा मला पटलं. आत्याबाईंचा खोकला अजून गेला नव्हता.

लागली यंत्रं. मनोहररावांनी सोळाही घरांत स्वतः उभं राहून जागा दाखवल्या. खाणीत पाळी बदलायला भोंगा वाजायचा, त्यावरून त्यांनी यंत्रालाही भोंगाच म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनी. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचं, हा त्यांचा नियम. तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, पण अमावस्या नागपुरात कोणी विसरत नाही, म्हणून त्यांनी अमावस्या ठरवली. पहिलं वर्ष ते स्वतः घरोघर चढले. दुसऱ्या वर्षी गुडघे गेले. डॉक्टरांनी जिने बंद केले, स्टुलावर चढणं तर सक्त बंद. तेव्हा ही हाक द्यायची पद्धत निघाली. ते खाली बसणार, आपण वर बटण दाबणार. माणसावर विश्वास ठेवूनच ती पद्धत काढलेली होती.

आता आमची करणी.

आमच्या घरी मिरची भिवापूरची. आत्याबाईंचं माहेरही तिकडचंच, दरवर्षी मार्चमध्ये पोतं येतं. फोडणी दिल्यावर घरातल्या तीन माणसांना ठसका लागला नाही तर आमच्याकडे भाजी कच्ची समजतात. फ्लॅट म्हणजे केवढा, गॅसपासून दहा फूट मोजले की तुम्ही शेजारच्या घरात जाता. बोळीतला भोंगा आठवड्यातून दोनदा ओरडायला लागला. त्यात आत्याबाई दर शनिवारी यांची दृष्ट काढायच्या, तव्यावर मीठ-मोहरी-मिरच्या. मिरची जळाल्याचा ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी होती, असं त्या म्हणतात. भोंग्याने मात्र दृष्ट लहान असो की मोठी, एकाच सुरात बोंब ठोकली. एकदा आत्याबाई माहेरी गेल्या होत्या तेव्हा मी स्टुलावर चढले आणि दोन्ही भोंग्यांतले पेन्सिल सेल काढले. चार सेल. टीव्हीच्या रिमोटला दोन लागले, भिंतीवरच्या घड्याळाला एक. चौथा अजून ड्रॉवरमध्ये आहे.

आत्याबाई परत आल्या. दृष्ट काढली, भोंगा वाजला नाही. त्या कौतुकाने वर पाहून म्हणाल्या, "आता शहाना झाला बाप्पा हा. मनोहरभाऊनं काहीतरी केलं असन." मी हो म्हटलं. त्याच आतल्या खोलीत, त्याच कूलरसमोर, रिकाम्या डब्याखाली त्या झोपत होत्या आणि मी हो म्हटलं.

बऱ्याच घरांत असंच काहीतरी. कोणाला देवापुढचा धूप नडला, कोणाला बाळ दचकतं. मेघाने तर यंत्र काढून गॅलरीच्या दारावर घोड्याच्या नालेसारखं टांगलं होतं. त्या आषाढातल्या अमावस्येला मनोहररावांनी सोळा हाका दिल्या आणि आवाज नऊ आले. ते खुर्चीवरून उठलेच नाहीत. रुखमाबाईंनी हाताला धरून घरी नेलं. दोन दिवस ताटावर बसले आणि 'सोळा ऐकल्याबिगर घास जात नाही' म्हणत तसेच उठले. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले, बीपी वाढलं होतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी धर्मेंद्रने नवीन ग्रुप केला. नाव 'अमावस्या'. त्यात सोळा घरांतलं एकेक माणूस आणि मनोहरराव नाहीत. त्याने भोंग्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग टाकलं, चार सेकंदांचं, आणि खाली लिहिलं: बाबांनी हाक दिली की गॅलरीत येऊन हे फुल आवाजात वाजवा, त्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद. सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला. ज्या नऊ घरांत भोंगे चालू होते, त्यांनीही मग हळूहळू सेल काढून घेतले. कोणाला लाज वाटली नाही, उलट आपण म्हाताऱ्या माणसाचं मन राखतोय म्हणून बरं वाटलं. मी तर धर्मेंद्रला म्हटलंही, "भाऊ, तुमच्यासारखा मुलगा सगळ्यांना असावा."

पोळ्याच्या अमावस्येला सोळा आवाज आले. मनोहररावांनी पुन्हा मोजले, रेघांवर बोट ठेवून. सर्वपित्रीला सोळा. लक्ष्मीपूजनाला फटाक्यांच्या धडधडाटात सोळा. तब्येत सुधारली, जेवण वाढलं. भेटेल त्याला सांगू लागले, "पाह्यलं का, आता फोडणीले कोनाचा भोंगा वाजत नाही. जागा बरोबर निवडली का असं राह्यते." आम्ही माना डोलवायचो. त्यांच्या मागे हसायचोही थोडं. खोटं कशाला बोलू.

सात महिने असे गेले. मग आली फाल्गुनातली अमावस्या, पाडव्याच्या आदल्या दिवसाची.

त्या दिवशी मी ऑफिसात होते. मार्च अखेर, मान वर करायला फुरसत नाही. दुपारी कूलरवाला आमच्याकडे नवीन ताट्या घालून कूलर खिडकीत बसवायला आला. त्याच्या शिडीचा धक्का लागून आतल्या खोलीतला भोंगा खाली पडला. आत्याबाईंनी तो उचलला, पदरात घेतला आणि दुपारच्या गप्पांना रुखमाबाईंकडे जायच्याच होत्या म्हणून सोबत नेला. "पाहा बरं भाऊ, फुटला काय." मनोहररावांनी उघडून पाहिला. आत सेल नव्हते.

पुढचं मला आत्याबाईंनी नंतर सांगितलं. त्यांनी तो उलटा करून तळहातावर आपटून पाहिला. मग म्हणाले, "पडल्यावर सेल उडाले असतीन." आत्याबाई म्हणाल्या, खोलीत तर काही पडलेलं दिसलं नाही. "मग पोरीनं रिमोटले लावले असतीन एवढ्यात. इसरली असन. नोकरी, घर, एकटी करते बिचारी." त्यांनी यंत्र कुडत्याच्या खिशात ठेवलं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चौकातल्या दुकानापर्यंत चालत जाऊन दोन सेल विकत आणले. आत्याबाईंना म्हणाले, तिला रागावू नका, आज तीनशे दोन सोडून हाका देतो, म्हणजे चारचौघांत तिची फजिती होणार नाही.

मी पावणेसातला घरी पोचले. पर्स टाकली, पाणी प्यायले. आत्याबाई देवासमोर होत्या, आमचं बोलणं झालं नाही. वर छताकडे मी पाहिलं नाही, आठ महिन्यांत मी कधी पाहिलंच नव्हतं. सात वाजता फोन घेऊन गॅलरीत उभी राहिले. सगळ्या गॅलऱ्यांमध्ये सगळे फोन घेऊन.

"तीनशे एक."

पी-पी-पी.

"तीनशे तीन."

मला वाटलं, काका चुकले. वय झालं, व्हायचंच. रेघ कमी पडली तर पुन्हा जेवणार नाहीत. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "काका, आमचं राहिलं. तीनशे दोन." आणि बटण दाबलं. फोनवरचं. पी-पी-पी. फुल आवाजात.

मनोहररावांनी वर पाहिलं. मग खिशात हात घातला, पांढरं यंत्र काढलं आणि तळहातावर ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या हातात खडू होता. मला एक क्षणभर कळलंच नाही ते काय दाखवताहेत. कळलं तेव्हा माझ्या हातातला फोन पुन्हा वाजला, बोट दाबलेलंच राहिलं होतं.

तीनशे तीनने आपला आवाज वाजवला नाही. कोणीच नाही. गॅलऱ्यांमधून माणसं हळूहळू आत सरकली. मनोहरराव सोळाही गॅलऱ्यांकडे एकेक करून बघत गेले, वरून खाली, हाकेच्या उलट क्रमाने. शेवटी त्यांची नजर पहिल्या मजल्यावर आली. तिथे धर्मेंद्र उभा होता, त्याच्याही हातात फोन होता.

मी चपला न घालता खाली धावले. मी पोचले तोवर ते घरात गेले होते. दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत, त्या दोघांच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून ते त्यावर चढत होते, धर्मेंद्र "बाबा, गुडघे" म्हणत हात धरत होता आणि ते हात झटकत होते. त्यांनी स्वतःच्या घरचा भोंगा उघडला. रिकामा. तो तसाच झाकण लोंबतं ठेवून ते खाली उतरले.

रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"तुले मालूम होतं?" मनोहररावांनी विचारलं.

"हाव," रुखमाबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांचं मानलं पाहिजे. "फोडणी देली का वाजे, अन् तुमी खाणीत असल्यावानी धावत येत. मंग थ्या खेपी तुमी जेवले नाही, पडले. पोरगा म्हणे, असं करू. म्या म्हटलं, कर बाप्पा, अन् आपले बी सेल म्याच काढाले लावले. मानूस जगला पायजे."

"तू कुठी झोपतं वं?"

"इथंच. तुमच्याजवळ."

"याच्याच खाली ना?"

धर्मेंद्र बोलायला गेला, "बाबा, तुमच्या तब्येतीसाठी…" मनोहररावांनी त्याच्याकडे पाहिलं. ओरडतील असं मला वाटलं, ओरडले असते तर आम्हाला सोपं गेलं असतं.

"तेहतीस वर्षं मी कोनाच्या तब्येतीसाठी खडू नाही मारला, बापू," ते म्हणाले. "हवा खराब असली तं खराब म्हटलं. मानसं मले शिव्या देत. पाळी बुडे त्यांची. पन घरी जात."

मी दारात उभी होते. "काका, चुकलं," एवढं म्हटलं. त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. मग दुसऱ्या खिशातून कागदात गुंडाळलेले दोन नवे सेल काढले आणि तेही दिले. "तुह्यासाठीच आनले होते," म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. मी ते घेऊन दोन जिने कशी चढले ते मला आठवत नाही. घरी आत्याबाईंनी सगळं ऐकलं, माझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि विचारलं, "मंग आठ महिने मी कशाखाली निजत होती वं?" मला रडू आलं. त्यांनी जवळ घेतलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, सांगते. ऑफिसात आम्ही रोज 'पाहणी केली, योग्य आढळले' असे शेरे लिहितो. कितीदा न पाहता लिहितो ते आम्हालाच माहीत. त्यावर कोणी मरत नाही अशी आपली समजूत. ती सवय मी घरी आणली, आणि ज्याने माझ्या सासूला धुरातून उचलून आणलं त्याच्याच समोर वापरली. धर्मेंद्रने प्रेमापोटी केलं म्हणतात, रुखमाबाईंनी काळजीपोटी. मी कशापोटी केलं? भाजीला ठसका हवा म्हणून.

त्या संध्याकाळी चौकातल्या दुकानातले सगळे सेल संपले. ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही, पण घरोघर स्टुलं सरकल्याचे आवाज येत होते. मीही काकांनी दिलेले दोन सेल घालून आतल्या खोलीतला भोंगा पुन्हा बसवला, झोतापासून दूर, त्यांनी पहिल्यांदा पेन्सिलने खूण केली होती तिथेच. बोळीतल्या भोंग्यासाठी रिमोटमधले काढले. टीव्ही बंद राहिला, आणि कोणी विचारलं नाही.

सकाळी पाडवा. गुढी उभारून मी गॅलरीत आले तर खाली मनोहरराव ओलं फडकं घेऊन पार्किंगच्या खांबाशी उभे होते. खांबावर दोन वर्षांच्या रेघा होत्या, प्रत्येक सोळांच्या ओळीखाली तारीख आणि 'म'. ते त्या पुसत होते. घाईने नाही, जशी लिहिली होती तशी एकेक ओळ. मी खाली गेले.

"काका, हे राहू द्या."

"कायले राहू देऊ? कोनी पाहून आत जाईन ना."

"आम्ही सगळ्यांनी सेल घातले. रात्रीच. माझा वाजतो, मी तीनदा पाहिला."

ते पुसत राहिले. मी म्हटलं, "एकदा वर चला. तुम्ही पाहा. तुम्ही पाहिल्याशिवाय मला आज घास जाणार नाही." हे शब्द माझ्या तोंडून सहज निघाले, आणि मग कळलं की हे त्यांचे होते. त्यांनाही कळलं असावं. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि जिन्याकडे वळले.

तीन मजले. प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबत होते. मी हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही. मला मात्र आशा वाटायला लागली होती, कारण ज्याला तोडूनच टाकायचं असतं तो माणूस असे गुडघे घेऊन जिने चढत नाही. आत्याबाईंनी दार उघडलं, पाट मांडला. ते बसले नाहीत. सरळ आतल्या खोलीत जाऊन कूलर बघितला, छत बघितलं, मनातल्या मनात अंतर मोजलं.

"जागा बरोबर आहे," म्हणाले.

मी स्टुलावर चढले आणि बटण दाबलं. पी-पी-पी. बंद खोलीत तो आवाज एवढा मोठा वाटला की आत्याबाईंनी कानावर हात ठेवले. मी खाली वळून मनोहररावांकडे पाहिलं. वर्षभरापूर्वी याच आवाजावर त्यांचा चेहरा उजळताना मी पाहिला होता, तोच मला हवा होता.

मनोहरराव भोंग्याकडे बघत नव्हते. माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत होते, जो मी तोल सावरायला भिंतीला लावला होता.

"मोबाईल कुठी आहे तुहा?" त्यांनी विचारलं.

मी स्टुलावरून उतरले. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तो काढून आणला आणि त्यांच्या हातावर ठेवला. पुन्हा स्टुलावर चढून बटण दाबलं. आवाज झाला. ते आधी फोनकडे बघत राहिले, मग आत्याबाईंना म्हणाले, "यमुताई, तुमाले बी फोन आहे काय?"